विरोधात कोण?

"विरोधात कोण?" हे मी सवयीनं विचारते. दुकानदार पुडी बांधता बांधता "आणखी काही?" म्हणतो, तसं. आणखी काही असेल असं त्यालाही वाटत नसतं आणि गिऱ्हाइकाचा एक पाय पायरीवर गेलेला असतो. त्या दुपारीही मी विचारलं, खडूचा तुकडा खोक्यात टाकला, चष्मा कपाळावर सारला आणि फळा पुसायला वळले. वळता वळता खिडकीकडच्या रांगेत काहीतरी उभं दिसलं. हात. सरळ, कोपरात जराही न वाकलेला, बोटं जुळवलेली. आधी वाटलं ढगोबाचा असेल. हा आमचा ढगोबा म्हणजे सुट्टी संपली तरी रिकाम्या डब्यात बघत बसणारा प्राणी. मघाशी बाजूनं वर केलेला हात खाली घ्यायचं राहून गेलं असेल. मी चष्मा डोळ्यांवर घेतला. हात नवीचा होता. अगं बाई, म्हटलं. मनात म्हटलं की मोठ्यानं ते आठवत नाही, पण पुढच्या बाकांवरची पोरं गर्रकन मागे वळली, म्हणजे मोठ्यानंच असणार.

नवी सुट्ट्या संपल्यावर आमच्या वर्गात आली. तिला तिचं स्वतःचं चांगलं नाव आहे, पण पोरांनी पहिल्याच दिवशी नवी म्हणायला सुरुवात केली, तिनंही त्या नावाला मान वळवली, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ती वर्गात बोलत नाही. मुकी नव्हे हो! शाळा सुटल्यावर फाटकाशी काका दिसला की तिच्या तोंडाचा नळ सुटतो, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत ती मान वर करून त्याच्याशी बडबडत जाते. पण वर्गाची भाषा तिला येत नाही आणि तिची भाषा आम्हा मास्तर-मास्तरणींपैकी एकालाही येत नाही. गणितात हुशार आहे. आकडे सगळीकडे सारखेच. बाकी वेळ ती खिडकीशी बसून आमची तोंडं बघते. फार नीट बघते. एकदा मी फळ्यावर लिहिताना थांबून चष्मा कपाळावर सारला आणि मागे वळून पाहिलं, तर ही कपाळावर बोट सारून बघत होती. मला हसू आलं आणि तीही हसली, पण त्यापलीकडे आमच्या दोघींमध्ये काही झालं नव्हतं. अशी मुलं आमच्याकडे दर वर्षी येतात, वर्षभर तोंडं बघतात आणि परीक्षेला बसून नापास होतात. मला ते सहन व्हायचं नाही. म्हणून मी भांडून भांडून एक खोली मिळवली होती. बुटकी टेबलं, भिंतीवर चित्रं, आणि फक्त भाषा शिकवायला एक नव्या बाई. येत्या सोमवारी खोली उघडायची होती. दुपारच्या सुट्टीनंतर नवीनं आमच्या वर्गात न बसता तिथे जायचं, भाषा आली की परत यायचं. ठराव माझाच होता आणि मला त्याचा इतका अभिमान होता की वर्गाला सांगताना माझा आवाज चढला. पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं. बेकरीवाल्याची मुलगी दोन्ही हात वर करून बसली. टॅक्सीवाल्याचा मुलगा म्हणाला, "बाई, मलापण पाठवा, मलापण भाषा येत नाही," आणि हे त्यानं अशा फर्ड्या भाषेत सांगितलं की सगळा वर्ग हसत सुटला. सगळ्यांचे हात वर होते. नवीच्या भल्यासाठी, मनापासून, झाडून सगळ्यांचे. आणि मग मी सवयीनं ते विचारलं.

आता पुढे काय करायचं हे मला माहीत असायला हवं होतं, कारण नियम माझ्याच वर्गातला. आमच्या वर्गात घराघरांतल्या भाषा मोजायला बसलं तर हाताची बोटं संपतात. एकाच्या घरी देवाचं नाव घेतल्याशिवाय घास उतरत नाही, दुसऱ्याच्या घरी देवाचं नाव काढलं की बाप पान सोडून उठतो. तरी कित्येक वर्षांपूर्वी जे पहिलं मोठं भांडण झालं ते ना देवावरून ना भाषेवरून, ते बाक भिंतीला लावायचे की गोल मांडायचे यावरून. गोलवाले जिंकले, आणि भिंतवाल्यांनी मधल्या सुट्टीत सगळे बाक उलटे करून ठेवले. मी संतापले. माझा संताप शाळेत प्रसिद्ध आहे. तेव्हा भिंतवाल्यांतली एक शेंबडी पोर नाक पुसत म्हणाली, "मानू नका आमचं, पण ऐका तरी! कुणी ऐकलंच नाही." त्या दिवसापासून असं ठरलं की ज्याचा हात विरोधात असेल त्याला, तो एकटा असला तरी, बाकीच्या सगळ्यांइतका वेळ द्यायचा. तो बोलून झाला की वर्गानं बरोबर म्हणायचं नाही, चूक म्हणायचं नाही, सगळ्यांनी मिळून एकच शब्द म्हणायचा, "ऐकलं." मग पुन्हा हात वर करायचे. आणि हात मोजायचे ते हरलेल्यानं, म्हणजे मोजण्यात खोट होती असं म्हणायला कुणाला तोंड राहत नाही. पोरं मोठी झाली, गेली, दुसरी आली, नियम तेवढे राहिले. पण खरं सांगायचं तर अलीकडे विरोधात कुणी नसायचंच. माझे ठराव शहाण्यासारखे असायचे आणि पोरं माझ्यावर माया करायची. माझंही एक मत असतं, पोरांइतकंच, एकच. ते मी वापरत नाही. ठराव पास होतोच, मग हात कशाला शिणवा?

मी नवीला म्हटलं, "बोल." तिनं तोंड उघडलं, आणि घंटा झाली. ती शेवटची घंटा होती, आणि शेवटच्या घंटेपुढे कुठलाही नियम टिकत नाही. दप्तरं आपटली, बाक सरकले, पोरं दारात एकमेकांच्या अंगावर पडली. त्या गोंधळात मी पाहिलं तर हात वरच. आता तिला तो पेलवत नव्हता, म्हणून दुसऱ्या हातानं तिनं कोपराला टेका दिला होता. वर्ग रिकामा झाला तरी तशीच. मी जवळ गेले, "उद्या," म्हटलं, फळ्याकडे बोट केलं, उद्या, उद्या सकाळी. तिला कळलं का नाही कोण जाणे. तिनं हात खाली घेतला, दप्तर उचललं आणि चालू पडली. मी अर्धवट राहिलेला फळा पुसला, आणि पुसताना मला उगाचच हसू येत होतं.

शिक्षकांच्या खोलीत मी ते सांगितलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर हसू असणार, कारण चित्रकलेचे सर म्हणाले, "बाई, बक्षीस लागलं काय?" सांगून झाल्यावर ते म्हणाले, "अहो, तिला पाणी प्यायला जायचं असेल. पोरं हात कशाला वर करतात? पाणी नाहीतर शू." सगळे हसले. मीही हसले, पण काटा रुतला तो रुतलाच. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, हसले नाहीत. ते म्हणाले, "मुळात तुम्ही वर्गाला विचारता कशाला? पोराला औषध देताना आपण त्याला मत विचारतो का? नाक दाबतो, तोंड उघडतं, औषध पोटात. दोन वर्षं तुम्ही माझ्या डोक्याशी कटकट करून खोली मिळवलीत, आता उद्या दुपारपर्यंत हो की नाही तेवढं सांगा. ती नसेल तर दुसऱ्या वर्गातलं पोर घेऊ. जागा मोजक्या आहेत." त्यांचं चुकत नव्हतं. हीच पंचाईत! ज्याचं म्हणणं चूक असतं त्याच्याशी मी छान भांडू शकते. ज्याचं थोडं बरोबर असतं त्याच्यापुढे मला नुसता राग येतो.

घरी चालत गेले. बस समोरून गेली तरी हात केला नाही. पाण्याचं म्हणणं खरं असेल तर? इतका वेळ पाण्यासाठी कुणी हात धरून बसतं? पण बसतंही. शिस्तीची पोरं बसतात. तिला ठराव कळला होता का? मी तिच्याकडे बोट दाखवलं होतं, पलीकडच्या खोलीकडे दाखवलं होतं, दुपारचं घड्याळ दाखवलं होतं. सगळ्यांनी तिच्याकडे बघून आनंदानं हात वर केले होते. तिला एवढंच कळलं असेल की हे सगळे मला इथून घालवायला एकमतानं तयार आहेत. अरे देवा. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चांभाराच्या दुकानासमोर मी उभीच राहिले, आणि तो म्हणाला, "काय बाई, टाच गेली?" मी नाही म्हटलं आणि चालू लागले. रस्त्यावर सगळीकडे कुणी ना कुणी कुणाला तरी काहीतरी विचारत होतं, भाव विचारत होतं, पत्ता विचारत होतं, येतोस का विचारत होतं, आणि मला वाटलं, यातल्या कितीजणांना उत्तर ऐकायचंय?

आमच्या घरी माझ्या लहानपणी वडील विचारायचे. हुकूमशहा नव्हते बरं का ते, विचारायचे नक्की. घर बदलायचं, थोरल्या ताईची शाळा सोडवायची, धाकट्या काकाला आणून ठेवायचं, सगळं रात्रीच्या जेवणाला पानावर ठरायचं. सांगून झालं की ते पानाकडे बघत म्हणायचे, "पटलं ना सगळ्यांना?" आणि भाकरी मोडायचे. आई वाढत असायची. तिनं कधी नाही म्हटलं नाही. फक्त वाढायचा डाव भांड्यावर एक क्षण थांबायचा. थांबायचा, आणि मग पुन्हा चालू. ते आमच्या घरातलं विरोधी मत. मला ते दिसायचं, कारण मी तिच्या समोर बसायचे. वडिलांना दिसायचं नाही, कारण ते पानाकडे बघायचे. ताईची शाळा सुटली त्या रात्री डाव इतका वेळ थांबला की त्यातलं टपटप खाली सांडलं, आणि वडील म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष तिथेच होतं हो तिचं. आणखी कुठे असणार? पुढे मी मास्तरीण झाले, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकशाहीचं एक पान आलं, खाली रिकाम्या जागा भरा, आणि ते शिकवताना दर वर्षी माझ्या डोळ्यांपुढे तो डाव यायचा. पोरांना हे सांगता येत नाही. सांगितलं तर रिकाम्या जागेत 'डाव' लिहून ठेवतील.

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर ते लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलतात आणि विचारतात, "हे बरं की ते बरं? आता? की आधीचं?" त्यामुळे घरी आले की कुणाला काही विचारायचं त्यांच्या जिवावर येतं. जेवताना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठराव पास झाला ना? मग झालं तर. सगळे एकीकडे नि ती एकटी." मी म्हटलं, "झालं कसं? तिचं ऐकायचं राहिलंय." "तिला बोलता येत नाही म्हणतेस, तुला कळत नाही म्हणतेस. मग ऐकणार काय, कप्पाळ?" मी भांडं जरा जोरात ठेवलं. ते म्हणाले, "रागावू नकोस. तुझी खोली चांगली आहे ना? तिला खोलीत गेल्यानं वाचता येईल ना?" "येईल." "आणि नाही गेली तर?" "मागे पडेल. बहुतेक." "मग तूच सांग, तुला ती जायला हवीय की नकोय?" मला ती जायला हवी होती. आणि तिचा हात खाली यायला नको होता. दोन्ही एकदम हवं असणं म्हणजे एका डोळ्याला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा चष्मा. चालताना माणूस पडणारच. ते पाणी पीत माझ्याकडे बघत राहिले आणि सहज म्हणाले, "काय गं, तू कधी केलायस हात वर? असा, सगळ्यांच्या विरोधात, एकटीनं?" मी म्हटलं, "मी? मी तर आयुष्यभर भांडतेच आहे." "भांडतेस गं, ते मला माहीत आहे, मीच आहे ना समोर. हात वर केलायस का, असं विचारतोय." मी आठवू लागले. शिक्षकांच्या सभा आठवल्या. तिथे मी आधी कुरकुरते, नंतर कुरकुरते, आणि हात वर करायच्या वेळी सगळ्यांबरोबर करते. लग्नाचं आठवलं, तेव्हा मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, आणि ते हो खरं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकटीनं, सगळ्यांविरुद्ध? डाव थांबवला असेल. "नाही वाटतं," मी म्हटलं. हे म्हणाले, "हं." आमच्या ह्यांच्या 'हं'मध्ये सगळं बसतं, ऐकलं, नाही ऐकलं, मीठ कमी आहे, झोप आलीय. मी हसले आणि ताटं उचलली.

सकाळी मी लवकर गेले तर नवी माझ्याही आधी बाकावर. आणि हात वर! देवाशप्पथ सांगते, वर्गात दुसरं कुणी नव्हतं, आणि ती कालची जागा धरून, कालचा हात धरून बसलेली. म्हणजे उद्या म्हटलेलं कळलं होतं तिला. पाणी नव्हे, शू नव्हे. चित्रकलेच्या सरांना आत्ता ओढत आणावं असं मला झालं. माझा चेहरा बघून तीही हसली, पण हात काही खाली घेईना. पोरं आली, बसली, आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "नवी, बोल." ती उभी राहिली आणि बोलू लागली. तिच्या भाषेत. भरभर, लांबलचक, मध्येच बोट दाखवून, मध्येच कपाळाला हात लावून. माणूस इतकं बोलू शकतं आणि इतके महिने गप्प बसू शकतं! बोलून झालं तशी ती खाली बसली. आम्हाला अक्षर कळलं नव्हतं. वकील, म्हणजे आमच्या वर्गातली ती पुढच्या बाकावरची मुलगी, जिच्याशी वाद घालायला मोठे सरही बिचकतात, ती म्हणाली, "बाई, ऐकलं असं म्हणता येणार नाही. आपण ऐकलंय, पण ऐकलेलं नाही." आणि मग मागून बेकरीवाल्याची मुलगी म्हणाली, "मला थोडं कळलं." आमच्या भट्टीवर पाव भाजायला ठेवलेला मामा असंच बोलतो, ती म्हणाली. पण तिची दुसरी अडचण. अशी अवघड गोष्ट वर्गाच्या भाषेत सांगायची म्हटलं की तिची जीभ अडखळते, घरच्या भाषेत सुरळीत चालते. घरची भाषा तिची आणि ढगोबाची एक. "मग मला सांग," ढगोबा म्हणाला, "मी सांगतो सगळ्यांना." हा ढगोबा म्हणाला! मी खुर्चीत बसले.

तर नवी एक वाक्य बोलायची, बेकरीवाली ते ऐकून डोळे मिटायची, ढगोबाच्या कानाशी तिच्या घरच्या भाषेत सांगायची, आणि ढगोबा छताकडे बघत ते आमच्यापुढे ठेवायचा. मध्येच बेकरीवाली थांबायची आणि नवीला हातांनी काहीतरी विचारायची, नवी मान हलवायची, नाही नाही, आणि पुन्हा सांगायची. पोरं बाकांवर गुडघे टेकून उभी होती. आणि माझ्यापर्यंत जे पोचलं ते असं. "त्या खोलीत सगळी माझ्यासारखीच असतील. न बोलणारी. मग मी कुणाचं ऐकू? इथे तुम्ही दिवसभर भांडता. ते मी ऐकते. भांडणातलं मला आता पुष्कळ कळतं. खोलीतल्या बाई छान हळू बोलतील. पण रस्त्यावर कुणी हळू बोलत नाही." मग ती थांबली, आणि आणखी एक वाक्य बोलली, आणि बेकरीवाली ढगोबाला सांगताना लाल झाली, आणि ढगोबानं आधी खाली बघितलं. "ती म्हणते, तुम्ही सगळ्यांनी हात वर केलात तेव्हा मला वाटलं, मी तुम्हाला नको आहे." वर्गात एकदम कालवा झाला. "अगं नाही!" "वेडी आहेस का?" "आम्हाला वाटलं तुला मज्जा येईल!" टॅक्सीवाल्याचा मुलगा बाकावरून उडी मारून तिच्याजवळ गेला आणि तिला तिच्या तोंडावर, कानात, जमेल तिथे सांगू लागला की तो स्वतःच जायला तयार होता, आणि तिला त्यातलं एक अक्षर कळत नसणार, आणि ती हसत होती. मी पदरानं नाक पुसलं. "शांत!" मी ओरडले. "नियम काय?" आणि सगळ्या वर्गानं छप्पर उडेल असं म्हटलं, "ऐकलं!" बेकरीवालीची शंका तेवढी उरली होती. "पण बाई, त्या नव्या बाईंनाच इकडे बोलवा की. त्यांना चालता येतं ना?" मी म्हटलं ते मी मोठ्या सरांशी बोलीन, पण आधी हात. ठराव आता असा, की नवी इथेच बसेल.

हात मोजायचे ते हरलेल्यानं. काल हरली होती नवी. तिला हे कुणी सांगावं लागलं नाही. इतके महिने तोंडं बघून तिला आमचा कारभार आमच्यापेक्षा जास्त पाठ झाला होता. ती बाकांच्या मधून निघाली आणि प्रत्येक वर केलेल्या हातावर आपला हात मारत मोजू लागली. तिच्या भाषेत. एक टाळी, एक आकडा. दुसरी रांग आली तोवर पोरं तिच्यामागे तेच आकडे म्हणायला लागली होती, वेडेवाकडे, हसत, आणि वकीलबाईनं तर आपला आकडा तीनदा म्हणून तो बरोबर करून घेतला. आख्खा वर्ग एका नव्या भाषेत मोजत होता आणि ती भाषा कालपर्यंत या भिंतींना माहीतसुद्धा नव्हती. मी खुर्चीत बसून ऐकत होते. मला इतकं बरं वाटत होतं, इतकं, की माझ्या दोन वर्षांच्या खोलीचा पाया खचतोय हे मी विसरूनच गेले होते.

मोजून झालं. नवी पुढे आली आणि फळ्याशी, माझ्या जागेवर उभी राहिली. तिनं वर्गाकडे बघितलं. बोटानं नसलेला चष्मा कपाळावर सारला. आणि आमच्या वर्गाच्या भाषेत, अगदी माझ्या चालीवर, शेवटचं अक्षर मी जसं लांबवते तसंच लांबवत, तिनं विचारलं, "विरोधात कोण?"

पोरं बाकांवर लोळली. ढगोबा तर खालीच बसला. पण ती हसत नव्हती. ती खरंच विचारत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं, मी कधी बघत नाही तसं, आणि वाट बघत उभी राहिली. पोरांचं हसणं हळूहळू थांबलं. आणि मला भीती वाटत होती. या सगळ्या टाळ्यांच्या तळाशी माझी भीती जशीच्या तशी होती. मोठे सर नव्या बाईंना इकडे पाठवणार नाहीत, ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल, परीक्षा येईल, आणि ही गोड पोर कोरा कागद देऊन घरी जाईल. हे मला दिसत होतं आणि या वर्गात दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. आता गप्प बसले तर डाव एक क्षण थांबेल आणि पुन्हा चालू होईल, एवढंच.

मी हात वर केला. किती जड असतो हो एकट्याचा हात! आपला आहे असं वाटतच नाही. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. "बाई?" वकील म्हणाली. "बाई, तुम्ही? तुम्हाला चालतं?" "माझं एक मत आहे," मी म्हटलं. "तुमच्याइतकंच." नवीनं मला पाहिलं, जराही दचकली नाही, आणि म्हणाली, "बोल." मी तिला म्हणते तसं. मी उभी राहिले. "नवी इथे राहिली तर मला आनंद होईल," मी म्हटलं. "पण मला भीती वाटते. नुसतं ऐकून वाचायला येत नाही. तिची वर्षं वाया जातील असं मला वाटतं. ती मला हवी आहे म्हणून वाटतं. म्हणून माझा हात विरोधात आहे." एवढंच होतं. बोलून झाल्यावर ते फारच थोडं वाटलं.

आता ते पोचवायचं होतं. ढगोबानं छताकडे बघत माझं वाक्य घेतलं, बेकरीवालीच्या कानाशी नेलं. तिनं डोळे मिटले. 'वाया'पाशी ती अडली आणि मला विचारू लागली, म्हणजे सांडतात तशी का बाई? मी म्हटलं, हो, सांडतात तशी. मग ती नवीजवळ गेली आणि भट्टीवरच्या मामाच्या भाषेत तिला सांगू लागली. मी उभी. माझं म्हणणं एका पोराकडून दुसऱ्याकडे, एका भाषेतून तिसऱ्या भाषेत चाललं होतं, माझ्या हातून पूर्ण सुटलेलं, आणि मला काही करता येत नव्हतं, नुसतं थांबायचं होतं. नवी मान खाली घालून ऐकत होती. एकदा तिनं काहीतरी परत विचारलं. बेकरीवालीनं परत सांगितलं. मग नवीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिला पटलं नव्हतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. ती जाणार नव्हती, ठराव पास झाला होता, पुन्हा हात मोजले तरी मी हरणार होते, आणि दुपारी मोठ्या सरांपुढे मला एकटीला उभं राहायचं होतं. आणि मी आयुष्यात इतकी सुखी कधी झाले नव्हते.

"ऐकलं," नवी म्हणाली.

आणि तिच्यामागून सगळा वर्ग.